टायटॅनियम पावडरीचा पुनर्वापर : प्रकल्प नोंदी, भोसरी, जून ते सप्टेंबर २०२५

२ जून, सोमवार

आजपासून या कामाची वही वेगळी ठेवते आहे. साहेबांचा प्रश्न सरळ होता. आपण टायटॅनियमची पावडर दहा वेळा वापरतो आणि मग बाजूला काढतो, तर हे दहा आले कुठून? कुणालाच सांगता आलं नाही. मी तीन वर्षांपूर्वी इथे आले तेव्हाही हाच आकडा होता. चाळणीच्या खोलीत आमचे जुने ऑपरेटर मामा यांनी दर वापरामागे एक अशा भिंतीवर खडूने उभ्या रेघा ओढलेल्या असतात, पाचवी रेघ आडवी. दुसरी आडवी रेघ पडली की ड्रम बाहेर.

आमचं मशीन धातूची पावडर थरावर थर पसरून लेसरने वितळवतं आणि पार्ट छापतं, म्हणजे धातूचं थ्रीडी प्रिंटिंग. त्याचा पाट २५० मिलिमीटरचा. एका बिल्डला, म्हणजे एका छपाईला, चाळीस किलोच्या आसपास पावडर आत जाते, आणि लेसर त्यातली जेमतेम पाच-सहा किलो वितळवतो. बाकीची सगळी पावडर ब्रशने झाडून, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून पुन्हा हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या पावडरीच्या टाकीत, जाते. दिसायला ती तशीच राखाडी असते. पण सात-आठशे लेयर होईपर्यंत ती वितळत्या धातूच्या शेजारी पडून होती, तिच्यावर ठिणग्या पडल्या, धूर बसला. तिच्यात काय बदललं हे रेघांवरून कळत नाही.

आमचं मुख्य काम इम्प्लांटचं आहे. त्याला टीआय-६एएल-४व्ही ईएलआय लागतं, म्हणजे ग्रेड २३ : ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम घातलेलं टायटॅनियम, ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेलं. एएसटीएम एफ३००१ या मानकाप्रमाणे ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१३ टक्के. साध्या ग्रेड ५ ला हीच मर्यादा ०.२० आहे. आमची ताजी पावडर ०.०८८ ला येते. म्हणजे या धंद्यात आमच्या हातात जागा आहे ती ०.०४२ टक्क्यांची. तीच सांभाळायची आहे.

५ जून, गुरुवार

जुन्या नोंदी काढल्या. सध्या दोन साठे फिरतात. साठा अ : बारा वेळा वापरलेला, म्हणजे नियमाप्रमाणे दोन बिल्डपूर्वीच बाद व्हायला हवा होता. घाईत राहून गेला. साठा ब : नऊ वेळा. दर बिल्डनंतर जेवढी पावडर कमी झाली तेवढी ताजी घालून साठा ४२ किलोला आणायचा, अशी पद्धत.

मग ‘नऊ वेळा वापरलेली’ याचा अर्थ काय? त्या ड्रमात नऊ वेळा गेलेले कण आहेत, तीन वेळा गेलेले आहेत, काल घातलेलेही आहेत. ड्रमाला एक वय देणं म्हणजे एकत्र कुटुंबाचं एकच वय सांगण्यासारखं आहे.

त्याहून वाईट गोष्ट एका लेबलमागे सापडली. मार्चमध्ये एका जुन्या साठ्याची उरलेली तीन किलो पावडर चौथ्या वापराच्या ड्रममध्ये ओतली होती आणि लेबलवर ‘४’ च राहिलं. ओतताना मीच सही केली आहे. तो ड्रम आता ग्रेड ५ च्या जिगांसाठीच, म्हणजे काम पकडून ठेवायच्या साधनांसाठीच, वापरायचा असं ठरवून लाल पट्टी लावली.

११ जून, बुधवार

आज नुसते नमुने घेतले. पूर्वी आम्ही चाळून झालेल्या ड्रमच्या वरून चमचाभर पावडर घ्यायचो. वाहतुकीत ड्रम हलला की बारीक कण खाली सरकतात आणि जाडे वर येतात, त्यामुळे वरचा चमचा संपूर्ण ड्रमबद्दल काही सांगत नाही. आता लांब नळीचा सॅम्पलर आणला आहे. तीन जागी, वरपासून तळापर्यंत.

शिवाय बिल्ड उघडल्यावर, चाळण्याआधी, चार ठिकाणचे नमुने वेगळे ठेवले : हॉपरमध्ये उरलेली, ओव्हरफ्लोमधली (थर पसरताना पुढे सांडलेली जादा पावडर), पार्टांच्या मधली, आणि चेंबरमध्ये फिरणारा आर्गॉनचा झोत ज्या बाजूने बाहेर पडतो तिथली. मामांना हे सगळं जरा जास्तच वाटलं. पण बाटल्यांवर लेबलं त्यांनीच लावली, आणि माझ्यापेक्षा नीट.

१६ जून, सोमवार

वाहण्याची चाचणी. हॉल फनेल, अडीच मिलिमीटरचं भोक, ५० ग्रॅम पावडर. ताजी पावडर दोनदा फनेलमध्ये अडकून बसली, तिसऱ्यांदा ३८ सेकंदांत उतरली. साठा अ ३३ सेकंदांत, न अडकता, तिन्ही वेळा.

“मॅडम, पाण्यासारखी वाहतेय की! आणि हिला बाद करायची?” मामा म्हणाले.

त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. ते तीस वर्षं यंत्रांवर आहेत, हाताला लागलेली गोष्ट ते चुकत नाहीत. वापरलेली पावडर खरोखरच चांगली वाहते. लेसरने मोजलेल्या आकारमानात कारण दिसतं. डी१०, म्हणजे ज्या आकाराहून दहा टक्केच पावडर बारीक असते तो आकडा, ताज्या पावडरीत १९ मायक्रॉन, साठा अ मध्ये २२. अगदी बारीक कण आर्गॉनच्या झोताबरोबर फिल्टरकडे निघून जातात, काही चाळताना उडतात. मोठ्या कणांना चिकटलेले छोटे कण, सॅटेलाइट, थर पसरवणाऱ्या रीकोटरखाली आणि चाळणीवर घासून सुटतात. बारीक कण कमी झाले की कणांची आपसातली चिकट कमी होते. थर एकसारखा पसरतो.

मात्र फनेलला ऑक्सिजन कळत नाही. पावडर रसायनाच्या अंगाने बिघडत असतानाच हाताला जास्त चांगली लागते, आणि भिंतीवरच्या रेघांवर आमचा एवढा भरवसा का बसला ते मला इथे समजलं. पार्ट चांगले निघत होते, थर गुळगुळीत होते. संशय यायला काही कारणच नव्हतं.

२० जून, शुक्रवार

काल माउलींची पालखी आळंदीहून निघाली. रस्ते बंद असल्याने लॅबची गाडी आली नाही, नमुने उद्या जातील. शॉपमधले निम्मे लोक वारीच्या वाटेवर पाणी वाटायला गेले होते. मी सूक्ष्मदर्शकाखाली चाळणीवर उरलेला चाळ बघत बसले.

बघण्यासारखी गोष्ट आहे ती. मूळ कण चांदीसारखे, गोल, १५ ते ४५ मायक्रॉनचे. त्यांच्यात मध्येच ऐंशी-शंभर मायक्रॉनचे गोळे, काही गव्हाळ पिवळे, काही जांभळे, काही मोरपिशी निळे. हा रंग ऑक्साइडच्या पातळ थराचा. थराची जाडी बदलली की रंग बदलतो, तापवलेल्या टायटॅनियमच्या पत्र्यावर दिसतो तसा. हे स्पॅटरचे कण. लेसरखाली धातूची वाफ होते, तिच्या धक्क्याने वितळलेल्या धातूच्या डबक्यातून, मेल्ट पूलमधून, थेंब उडतात, आणि ती वाफ आजूबाजूच्या आर्गॉनला ओढून घेते तेव्हा शेजारचे कोरडे कणही झोतात खेचले जातात, तापतात, काही वितळतात. चेंबरमध्ये ऑक्सिजन १००० पीपीएमच्या खाली ठेवला तरी शून्य नसतो, आणि लालबुंद टायटॅनियम मिळेल तेवढा ऑक्सिजन पिऊन घेतं.

मोठे गोळे चाळणी अडवते. पण मी चाळलेल्या पावडरीचीही स्लाइड केली. तीत चाळीस मायक्रॉनचे निळे कण होते. थोडे, पण होते. चाळणी आकार बघते, रंग बघत नाही.

२६ जून, गुरुवार

पाऊस लागला आहे. बाहेर दमटपणा ८५ च्या वर. आज पावडरीत गुठळ्या दिसल्या आणि मी तासभर चाळणीला दोष देत होते. कारण साधं निघालं. ताज्या पावडरीचा डबा एसी चालू असलेल्या स्टोअरमधून, १८ अंशांवरून, थेट आणून उघडला होता. पावसाळ्यात आमच्या हवेचा दवबिंदू एकवीस-बावीस अंशांच्या घरात असतो. थंड डबा उघडला की पावडरीवर दव पडणारच, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर पडतं तसं.

खोलीच्या तापमानाला पाण्याने टायटॅनियमचं फारसं बिघडत नाही. पण तोच ओलावा लेसरखाली गेला की पाणी फुटतं, ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोन्ही धातूत शिरतात. आजपासून डबा आदल्या रात्री चाळणीच्या खोलीत, डीह्युमिडिफायर चालू ठेवून, बंदच ठेवायचा. सकाळी उघडायचा.

१ जुलै, मंगळवार

लॅबचे आकडे आले. ऑक्सिजन, प्रत्येक नमुन्याच्या तीन चाचण्यांची सरासरी, टक्क्यांत :

साठा अ, बारा वेळा वापरलेला : ०.११०
साठा ब, नऊ वेळा वापरलेला : ०.१२७

तीनदा वाचलं. लॅबला फोन करून बाटल्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे विचारलं. नाही झाली. राखून ठेवलेला दुसरा नमुना पुन्हा पाठवला.

भिंतीवरच्या रेघांप्रमाणे अ बाद आणि ब अजून एक बिल्ड चालण्यासारखा. प्रत्यक्षात अ निवांत आहे आणि ब मर्यादेच्या उंबऱ्यावर.

चार ठिकाणच्या नमुन्यांतही फरक आहे. हॉपरमधली पावडर गेली तशीच निघाली. ओव्हरफ्लो तिच्याहून किंचित वर, पार्टांच्या मधली आणखी वर, आणि झोताच्या बाहेरच्या बाजूची सर्वांत जास्त. एकाच बिल्डमधली पावडर एकसारखी म्हातारी होत नाही. चाळताना सगळं एकत्र होतं आणि मग आपण त्या सरासरीला ‘पावडर’ म्हणतो.

४ जुलै, शुक्रवार

साठा ब नेच असं का करावं? दोन्ही एकाच लॉटची पावडर, एकच मशीन, तीच सेटिंग. बिल्डच्या फाइली शेजारी शेजारी लावल्यावर उत्तर दिसलं.

अ वर आम्ही भरीव पार्ट केले : प्लेटी, बुश, चाचणीचे दांडे. ब वर पहिले दोन बिल्ड भरीव आणि नंतरचे सातही जाळीदार. हाड आत वाढावं म्हणून ज्या इम्प्लांटची बाजू सच्छिद्र ठेवतात, ते पार्ट. जाळीत धातू अगदी थोडा असतो, पण लेसर तासन्‌तास चालतो, हजारो बारीक काड्यांच्या कडा आखत. ठिणग्या भरपूर आणि खप नगण्य. भरीव बिल्डला पार्ट, सपोर्ट आणि चाळ धरून ४२ किलोंतले पावणेसात किलो जातात, म्हणजे १६ टक्के. जाळीदार बिल्डला अडीच किलो, ६ टक्के.

आणि जेवढी जाते तेवढीच ताजी आपण घालतो. जाळीदार बिल्ड पावडरीला जास्त बिघडवतो, आणि वर तिला ताजी पावडरही कमी मिळू देतो. दोन्हीकडून मार.

मामांना हे माठाच्या पाण्यावरून सांगितलं. रोज अर्धा माठ संपला आणि अर्धा भरला तर पाणी ताजं राहतं. रोज एक पेला काढून एक पेला घातला तर माठ भरलेला दिसतो, पण पाणी शिळं होत जातं. ते म्हणाले, “मग पेले मोजायला पाहिजेत. रेघा काय कामाच्या?” प्रकल्पातलं सगळ्यांत नेमकं वाक्य त्यांचं आहे.

१४ जुलै, सोमवार

हिशोब मांडला. एका बिल्डमध्ये ऑक्सिजन सरासरी किती वाढतो आणि साठ्याचा किती हिस्सा खपून ताजा भरला जातो, एवढ्या दोनच गोष्टी लागतात. तोच प्रकार पुन्हा पुन्हा केला तर ऑक्सिजन चढत चढत एका पातळीला येऊन थांबतो. बिल्ड संपल्यावरची ती पातळी म्हणजे ताज्या पावडरीचा आकडा, अधिक वाढ भागिले हिस्सा.

भरीव बिल्डला वाढ ०.००४ धरली, हिस्सा ०.१६ : ०.०८८ + ०.०२५ = ०.११३. कायम चालवा, ०.१३ कधीच ओलांडणार नाही. जाळीदारला वाढ ०.००६, हिस्सा ०.०६ : ०.०८८ + ०.१०० = ०.१८८. तिथे पोचायच्या कितीतरी आधी साठा इम्प्लांटच्या कामाचा राहत नाही.

याच रीतीने ब चे नऊ बिल्ड मोजले तर ०.१२७ येतात. लॅबही म्हणते ०.१२७. राखीव नमुनाही ०.१२६ आला.

एक सावधगिरी इथेच लिहून ठेवते. ०.००४ ही वाढ इतकी छोटी आहे की एका बिल्डच्या आधी-नंतरच्या दोन चाचण्यांत ती मोजण्याच्या चुकीत हरवून जाते. मी हे आकडे सलग चार-चार बिल्डांच्या फरकावरून काढले आहेत. ते आमच्या मशीनचे, आमच्या आर्गॉनच्या झोताचे आकडे आहेत. दुसऱ्या शॉपने उचलून वापरू नयेत. सूत्र वापरावं, आकडे आपले मोजावेत.

इलेक्ट्रॉन बीमच्या मशीनवर एकवीस वेळा वापरलेल्या याच मिश्रधातूच्या पावडरीत ऑक्सिजन ०.०८ वरून ०.१९ वर गेल्याचं संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तिथली पावडर बिल्डभर तापलेलीच असते, त्यामुळे ती आमच्याशी जशीच्या तशी जुळत नाही. पण पातळी कुठवर जाऊ शकते याची कल्पना येते.

२२ जुलै, मंगळवार

दोन्ही साठ्यांतून केलेल्या दांड्यांची तन्यता चाचणी. अ : ९६४ एमपीए, लांबी वाढ १५ टक्के. ब : ९८९ एमपीए, १३.५ टक्के. मानकाप्रमाणे किमान ८६० एमपीए आणि १० टक्के लागतात. दोन्ही पास.

साहेब खूश झाले, ताकद वाढली म्हणून. मला ते पटलं नाही आणि तसं सांगितलं. ऑक्सिजन टायटॅनियमच्या अणूंच्या जाळ्यात घुसून बसतो, धातू कडक होतो, म्हणून ताकद वाढते. त्याची किंमत लवचिकपणात मोजावी लागते. दीड टक्का आज गेला. इम्प्लांट माणसाच्या मांडीत बसणार आहे, तो रोज हजारो पावलांचा भार घेणार. ईएलआय ग्रेड मुळात केला आहे तो थोडी ताकद सोडून चिवटपणा मिळवण्यासाठी.

३० जुलै, बुधवार

आज वाद झाला, नोंदवते. ब साठ्यात ताजी वीस किलो मिसळली तर सरासरी ०.११५ च्या खाली येते. मग साठा वाया का घालवायचा, असा प्रश्न आला. प्रश्न वाजवी आहे, ही पावडर महाग आहे.

माझं म्हणणं असं. दर बिल्डला ताजी घालणं वेगळं : ती आधीपासून ठरलेली पद्धत आहे, प्रत्येक किलोची नोंद आहे, आणि पातळी सतत मर्यादेच्या खाली आहे. काठावर गेलेल्या साठ्याला पातळ करून आकडा पास करणं वेगळं. ऑक्सिजनने भरलेले निळे कण मिसळल्यावर नाहीसे होत नाहीत. ते तेवढेच राहतात, फक्त पसरतात, आणि त्यांतला एखादा नेमका जाळीच्या काडीत येऊन बसतो. काडीची जाडी तीनशे-चारशे मायक्रॉन. आज हे एकदा केलं की पुढच्या वेळी ०.१३५ झालेल्या साठ्यालाही तोच न्याय लागेल.

दोन तास गेले. शेवटी ठरलं : साठा ब आजपासून ग्रेड ५, जिग आणि फिक्सचरसाठी. वाया काहीच जात नाही. पण ग्रेड ५ च्या ड्रमातून ईएलआयच्या ड्रमात कधीही, कुठल्याही कारणाने, परत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

चाळणीच्या खोलीसाठी नवी अग्निशामक मागवली होती. आलेला माणूस कार्बन डायऑक्साइडची ठेवून चालला होता. त्याला परत पाठवलं. पेटलेलं टायटॅनियम कार्बन डायऑक्साइडमधूनही ऑक्सिजन ओढून घेतं आणि जळत राहतं. नायट्रोजनमध्येही जळतं. पाणी तर मुळीच नाही. धातूच्या आगीसाठीची क्लास डीचीच हवी, तोवर कोरड्या वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या. ओल्या व्हॅक्यूमच्या, म्हणजे सांडलेली पावडर पाण्यात ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, गाळाच्या ड्रमचं झाकण घट्ट बसवलेलं होतं, तेही सैल केलं, कारण त्या गाळातून हायड्रोजन सुटतो. पावडर पुन्हा वापरणं म्हणजे ती पुन्हा हाताळणं, आणि जोखीम हाताळण्यात आहे. अर्थिंगच्या तारा सगळ्या तपासल्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नवीन ग्राहकासाठी सादरीकरण करताना इस्रोच्या पीएस४ इंजिनचं, म्हणजे पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनचं, उदाहरण घेतलं. ९ मे २०२४ रोजी ते छापील इंजिन ६६५ सेकंद चालवून बघितलं. जुन्या पद्धतीत ५६५ किलो धातू लागायचा, तिथे १३.७ किलो पावडर लागली, ९७ टक्के बचत. आपल्या सगळ्यांना अभिमान वाटावा असंच काम आहे ते. फक्त आम्ही आमच्या कामाला असा बचतीचा आकडा लावतो तेव्हा पार्टाभोवतीची न वितळलेली पावडर पुढच्या कामाला योग्य आहे असं गृहीत धरतो. ते सिद्ध करायचं काम चाळणीच्या खोलीत होतं. ग्राहकाला मी हेही सांगितलं, आणि त्याने सर्वांत जास्त प्रश्न यावरच विचारले.

४ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपतीला रत्नागिरीला जाऊन आले. काळबादेवीच्या किनाऱ्यावर ओहोटीला काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. लहानपणी आम्ही लोहचुंबक घेऊन तिथे खेळायचो. त्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, म्हणजे लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन.

तिथे उभी असताना हे काम वेगळं दिसलं. निसर्गात टायटॅनियम ऑक्सिजनला घट्ट धरूनच असतं. ते सोडवायला आधी कोळशासोबत हजार अंशांच्या आसपास क्लोरिन लावून त्याचं क्लोराइड करतात, मग बंद भांड्यात आर्गॉनखाली मॅग्नेशियमने ते मोडतात. क्रोलची ही रीत. केरळात चवऱ्याला याच मार्गाने वर्षाला ५०० टन स्पंज, म्हणजे कच्चं सच्छिद्र टायटॅनियम, करण्याच्या क्षमतेचा कारखाना उभा आहे. एवढ्या खटाटोपाने बाहेर काढलेला ऑक्सिजन आमच्या चेंबरमध्ये टक्क्याच्या हजाराव्या हिश्शांनी परत घरी येतो आहे. तो येणारच, त्याचं ते जुनं नातं आहे. किती आला हे मोजणं आमच्याकडे आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

नवा नियम लागू. भिंत पुसली. रजिस्टरमध्ये आता वापराच्या संख्येऐवजी हे लिहायचं : बिल्डआधीचं वजन, नंतरचं वजन, चाळ किती, ताजी किती घातली, लेसर किती तास चालला. हिशोबाने आलेला ऑक्सिजन शेवटच्या रकान्यात. हिशोब ०.१२५ च्या वर गेला तर साठा थांबवायचा. दर चार बिल्डांनी लॅब. प्रत्येक बिल्डचा पन्नास ग्रॅम नमुना आर्गॉन भरलेल्या बाटलीत दोन वर्षं राखून.

जाळीदार बिल्ड एकामागून एक लावायचे नाहीत. दोन भरीव, मग एक जाळीदार, असा क्रम धरला तर सर्वांत वरची पातळी ०.१२४ ला थांबते. प्लॅनिंगवाल्याला हे गैरसोयीचं आहे, कारण ऑर्डरी या क्रमाने येत नाहीत. क्रम जमलाच नाही तर जाळीदार बिल्डनंतर जादा पावडर काढून ग्रेड ५ मध्ये टाकायची आणि तेवढी ताजी भरायची. ही किंमत त्या पार्टाच्या दरात धरली पाहिजे, असं साहेबांनीच मीटिंगमध्ये सांगितलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

नव्या साठा क चे चार बिल्ड पूर्ण : भरीव, भरीव, जाळीदार, भरीव. हिशोबाचा आकडा ०.१०२, लॅबचा ०.१०१.

मामांनी आज वजनकाट्याचं कॅलिब्रेशन स्वतःहून करून घेतलं. शंभर ग्रॅमने चुकत होता. मागच्या चार नोंदींत त्याने किती फरक पडतो ते उद्या काढते.